तीन जागी एकच सही

खिडकीवरच्या बाईंनी कर क्रमांकाचा अर्ज परत बाहेर सरकवला. फोटो बरोबर होता, पत्ता बरोबर होता, घोडं अडलं होतं ते सहीपाशी. पहिल्या पानावर एक सही, मागच्या पानावर दुसरी आणि ओळखपत्राच्या प्रतीवर तिसरीच.

"तिन्ही तुमच्याच ना, काका?" बाईंनी विचारलं.

तिन्ही पेंटरकाकांच्याच होत्या. आणि काय सह्या होत्या हो! पहिली ठेंगणी, गोलमटोल, प्रत्येक अक्षर ऐसपैस मांडी घालून बसलेलं. दुसरी उजवीकडे झुकलेली, शेवटच्या अक्षराची शेपटी ऐटीत वर गेलेली. तिसरीला तर त्यांनी साध्या बॉलपेननं सावली दिली होती. रांगेतला मागचा माणूस मघापासून घाई करत होता, तोही मान लांब करून बघत राहिला.

हातानं बोर्ड रंगवणारे काका शहरात आता एकटेच उरले होते. छापील बोर्ड आले आणि त्यांचे ब्रश सुकत चालले. आता जुन्या वाचनालयाची डागडुजी झाली होती आणि तिथल्या मंडळींना दारादारावर हातानं रंगवलेलीच नावं हवी होती. काम काकांनाच द्यायचं होतं. पण कर क्रमांकाशिवाय देता येत नव्हतं आणि अर्जाची मुदत आज संपत होती. हे काम हातचं गेलं तर ब्रश बांधून ठेवायचे आणि गोदामावर राखणदारी धरायची, असं घरात ठरूनही गेलं होतं. त्यावर काकांनी चकार शब्द काढला नव्हता. त्यामुळंच त्यांची मुलगी जास्त घाबरली होती आणि कामावर दांडी मारून सोबत आली होती.

बाईंनी नवा कोरा अर्ज दिला, मुलीकडून ओळखपत्राच्या जादा प्रती घेतल्या आणि सगळीकडे सारखी सही करा म्हणून बजावलं. काका स्टुलावर नीट बसले, बाह्या वर सारल्या आणि जीव ओतून पुन्हा तीन तऱ्हेच्या तीन सह्या करून मोकळे झाले.

मुलीनं कपाळावर हात मारला. काका ओशाळले.

"मी तरी काय करू, बाई? ही चौकट बुटकी, ती लांबुडकी, आणि या प्रतीचा कागद गुळगुळीत. एकच अक्षर तिन्हीकडे कसं शोभेल?"

बाईंना हसू आलं, ते त्यांनी दाबलं. दिवसभर त्या खिडकीतून लोकांनी घाईघाईत ओढलेल्या रेघोट्या बघत असत. अशी सही नामंजूर करताना त्यांचाही हात जड होत होता. पण नियम त्यांच्या घरचा नव्हता. शेवटी त्यांनी खणातून शाईचा पॅड काढला आणि काकांकडे न बघता पुढे ठेवला. अंगठा चालतो, म्हणाल्या. ज्यांना सही येत नाही त्यांच्यासाठी ती सोय आहे.

काकांनी पॅड जवळ ओढला. काम तर हवंच होतं. त्यांनी अंगठा पुढे केला.

मुलीनं त्यांचं मनगट धरलं. "अंगठा नाही लावायचा, बाबा." तिचा आवाज चढला नव्हता. "अर्धा बाजार तुमच्या अक्षरावरनं दुकानं ओळखतो."

मग काही तरी मनाशी ठरवून ती काकांच्या मागे उभी राहिली आणि तिनं त्यांच्या डोळ्यांवर आपला तळवा गच्च दाबून धरला. डोळे मिटा म्हणून सांगितलं असतं तर त्यांनी चोरून बघितलंच असतं, हे ती पुरतं ओळखून होती. काका गडबडले. अगं, सरकारी कचेरी आहे, लोक काय म्हणतील, असं पुटपुटू लागले. ती म्हणाली, लोकांचं लोक बघतील, तुम्ही नाव लिहा.

बाईंनी तिसरा अर्ज पुढे केला आणि नियमात बसतं की नाही याचा विचार न करता स्वतःच पेनाचं टोक चौकटीवर नेऊन टेकवलं. काकांचा हात जरासा चाचपडला, मग चालू लागला. बाईंनी कागद सरकवला, पान उलटलं, प्रत ठेवली. तिन्ही वेळा हात न थांबता चालला.

अक्षरं वेडीवाकडी आली होती. एक दुसऱ्याच्या अंगावर रेललेलं, मधलं जरा खाली घसरलेलं, शेवटचं भलतंच मोठं. पण तिन्ही जागी तसंच रेललेलं, तसंच घसरलेलं, तेवढंच मोठं. बाईंनी एकदा बघितलं, दुसऱ्यांदा बघायची गरज नव्हती. त्यांनी शिक्का मारला.

शिक्क्याचा आवाज आल्यावरच मुलीनं हात काढला. तळवा ओला झाला होता. तिनं तो कुणाचं लक्ष नाही असं बघून पुसला.

काकांनी कागद उचलला. डोळ्यांजवळ नेला, मग हात लांब करून धरला.

"हे अक्षर कुणाचं?"

"तुमचंच, काका," बाई म्हणाल्या.

काका बराच वेळ बघत राहिले. नव्यानं काम शिकायला आलेल्या पोराची पहिली पाटी बघावी, तसे.

"वाईट नाही," ते म्हणाले. "हात मोकळा आहे. जरा शिकवलं तर सुधारेल."

आणि त्यांनी पेन उचललं. बाईंनी कागद झटकन आत ओढला.