मागची रांग

विमानाचं दार लागलं तेव्हा निम्म्याहून जास्त खुर्च्या रिकाम्या होत्या. डार्सी, विमानातली एकुलती एक सेविका, माणसं मोजत मागे गेली, परत आली आणि तिसऱ्या रांगेपाशी थांबली.

"काका, मंडळी सगळी पुढेच बसलीत. एक दणकट माणूस मागे हवाय."

"सबंध विमानात तुला माझंच पोट दिसलं का गं?" आल्सीद म्हणाला. आजूबाजूची माणसं हसली. उत्तरेच्या बर्फाळ मुलखातल्या या छोट्या विमानांत हे नेहमीचंच. रिकामी दिसली म्हणून खुर्ची आपली होत नाही. वजनाचा तोल सांगेल तिथं बसायचं.

"शेवटच्या चार रांगांत कुठंही बसा," डार्सी म्हणाली. "वर गेल्यावर पट्ट्याचा दिवा विझला की या परत काकूंजवळ."

आल्सीदनं बायकोच्या गुडघ्यावर थाप मारली आणि तो गेला. रोझालीनं मान वळवून पाहिलं. चार रांगा, आणि त्यांत माणूस एकच. अगदी शेवटी, डोक्याला लाल रुमाल बांधून बसलेली व्हर्ना. आल्सीद एक रिकामी रांग ओलांडून गेला, दुसरी ओलांडली, तिसरीही. व्हर्नाला उठायला लावून तो तिच्यापलीकडे खिडकीशी जाऊन बसला.

इतक्या रिकाम्या विमानात परका माणूससुद्धा असं कुणाला खेटून बसत नाही. मध्ये एखादी खुर्ची सोडतो. लाजेकाजेस्तव तरी सोडतो.

रोझालीनं पट्टा आवळला. गावच्या नाचात फिडल सुरू झालं की आल्सीदचे पाय व्हर्नाच्याच पायांशी जुळायचे. रोझाली भिंतीशी उभी राहून सगळ्यांचे कोट सांभाळायची. गोष्ट जुनी होती. पण जुना काटा थंडीत जास्त ठणकतो.

विमान उडालं. खाली गोठलेली तळी, तळ्यांच्या काठी काळी झाडं, झाडांच्या पलीकडे पुन्हा तळी. दिवा विझला. कुणी पाय मोकळे केले, कुणी कोट काढला. आल्सीद आला नाही.

तिनं दोन खुर्च्यांच्या फटीतून मागे पाहिलं. तो पुढे वाकला होता, कपाळ जवळजवळ गुडघ्यांना टेकलेलं. खांदे गदगदा हलत होते. व्हर्नाचा हात त्याच्या पाठीवर होता.

हसतोय, रोझालीच्या मनात आलं. पोट धरून हसतोय.

फुप्फुसात डाग आहे असं डॉक्टरनं सांगितल्यापासून तो घरात सारखा हसत होता. डॉक्टरच्या मिशांना हसला. स्वतःच्या खोकल्याला हसला. उद्या विनिपेगच्या हॉस्पिटलात तपासणीसाठी सुई घालून तुकडा काढणार, तर हातांनी माप दाखवून म्हणाला, "एवढा मासा गळाला लागला तर मला कळवा." तीही प्रत्येक वेळी हसली होती. रडू आलं तरी हसली होती. निदान हे हसू तरी तिचं एकटीचं होतं. आज तेही त्यानं मागच्या रांगेत नेऊन वाटलं.

डार्सी चहा घेऊन आली.

"त्याला सांग, चहा निवतोय."

डार्सी गेली आणि आली. "काका म्हणाले, येतो जरा वेळानं."

"आणखी काय म्हणाले?"

"काही नाही, काकू." डार्सी कप नीट लावत राहिली. कप नीटच लावलेले होते.

रोझालीनं पट्टा सोडला. "मीच जाते."

"मागे आणखी वजन नको, काकू. एक माणूस मागे गेलं, तर एक पुढे यायला हवं."

"मग तिला पाठव पुढे."

"कुणाला?"

"दुसरी कोण बसलीय तिथं?"

डार्सीनं व्हर्नाला उठवलं. खुर्च्यांमधली वाट एवढी अरुंद, की दोघी बायका मध्येच अंग तिरकं करून एकमेकींना खेटल्या. व्हर्ना वाळून काटकी झाली होती. महिन्याच्या महिन्याला ती याच विमानानं त्याच हॉस्पिटलात जायची. लाल रुमालाखाली केस उरले नव्हते. रोझालीला ते दिसलं. तरी ओठांवर आलेलं मागे फिरलं नाही.

"बरा रमलाय तुझ्यापाशी."

व्हर्नानं खुर्चीची पाठ घट्ट धरली. "रमतोय कसला. सुई आत जाते तेव्हा किती दुखतं, ते विचारत होता." आवाज आणखी खाली आणून ती म्हणाली, "लहान पोरासारखा रडला गं. तुला सांगू नको म्हणालाय."

ती अंग चोरून पुढे निघून गेली. रोझाली तिथंच उभी राहिली. विमान जरा हललं, तेव्हा तिला चालायचं सुचलं.

तिला येताना पाहून आल्सीदनं तोंड खिडकीकडे फिरवलं, बाहीनं पुसलं, आणि परत वळवलं तेव्हा त्यावर हसू होतं. रोजचं, घरातलं, तिच्या ओळखीचं हसू.

"हे काय, तू पण मागे? आता विमान शेपटीवर बसेल बघ, अस्वलासारखं."

रोझाली त्याच्या शेजारी बसली. खुर्चीत अजून दुसऱ्या बाईची ऊब होती. ती निवली, तरी रोझाली हसली नाही.

मग म्हणाली, "तिला सांगितलंस ते मला सांग."

आल्सीदनं पुढच्या थट्टेसाठी तोंड उघडलं. ते तसंच उघडं राहिलं.