पट्टी वापरू नका

एक लाकडी काठी. तिच्यावर पन्नास खुणा, दोन्ही टोकांना विरळ, मधे दाटीवाटीने.

पाण्याची रिकामी बाटली, आडवी. कुशीला कात्रीने पाडलेलं भोक.

साडेपाचशे लिटर डिझेल.

"पोट कोणाचं सुटलंय ते दिसतंच आहे." या वाक्याला अकरा ड्रायव्हर हसले.

नववीच्या वहीत, पेन्सिलीने: बिंदू जोडा. पट्टी वापरू नका.

वही लेकीची. संध्याकाळ, स्वयंपाकघरातलं टेबल. धडा फलनांचा आणि त्यांच्या आलेखांचा. आडव्या बाटलीत एकेक छोटा कप पाणी ओतायचं, दर कपानंतर पाण्याची उंची मोजायची, कागदावर बिंदू द्यायचा. दहा कप, दहा बिंदू. आई बस आगाराची प्रमुख. गणितात पदवी, तीही पहिल्या वर्गातली. हे घरात भिंतींनाही पाठ आहे.

तिने वाकून पाहिलं. बिंदू एका ओळीत नव्हते. सुरुवातीला उंच उडी, मधे रेंगाळलेले, शेवटी पुन्हा उडी.

"धांदरटासारखं मोजलंस. कप सारखे, तर उंचीही सारखीच वाढणार. खोड ते आणि पट्टीने काढ."

"आई, बाटली आडवी आहे."

"मग?"

"मग मधे रुंद आहे ना. तिथे कप नुसता पसरतो, वर चढतच नाही फारसा." लेकीने पेन्सिल कानावर खोचली. "सर म्हणाले, थेट पट्टी लावायची चूक हुशार मुलंच करतात. म्हटलं, चला, मला धोका नाही."

आई हसली नाही. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आडवी आहे, मधे रुंद आहे: हे तिला आधी एकदा कोणीतरी सांगितलं होतं. शब्दही जवळजवळ हेच.

आगारातली डिझेलची टाकी जमिनीखाली आडवी पुरलेली आहे. टाकीकाका वीस वर्षं तिचं झाकण उघडून काठी तळापर्यंत सोडायचे, ओल कुठवर आली ते बघायचे आणि किती लिटर उरलं ते सांगायचे. आई, म्हणजे आगारातल्या बाई, नव्याने आल्या तेव्हा त्यांनी ती काठी हातात घेऊन पाहिली. "ही कोणी आखली? डुलक्या घेत?" मग त्यांनी नवी काठी आणवली आणि पट्टीने स्वतः समान खुणा केल्या. कचेरीच्या खिडकीची कडी तुटलेली होती. जुनी काठी तिथे टेकू म्हणून लागली.

त्यानंतर तूट दिसायला लागली. टँकर शनिवारी टाकी काठोकाठ भरून जायचा. सोमवारी नवी काठी हिशेबापेक्षा साडेपाचशे लिटर कमी दाखवायची. गुरुवारी टाकी निम्मी झाली की सगळं चोख जुळायचं. दर आठवड्याला तेवढंच जायचं, दर आठवड्याला तेवढंच परत यायचं. बाईंनी याचाही अर्थ लावला: म्हातारा काढतो, घाबरतो आणि परत ओततो.

त्यांनी पंपापाशी, सगळ्या ड्रायव्हरांसमोर, काकांना पिशवी उलटी करायला लावली. एक डबा, एक टॉवेल, सुपारीची पुडी. साडेपाचशे लिटर डिझेल पिशवीत मावत नाही, एवढं गणित बाईंना त्या वेळी सुचलं नाही.

काका एवढंच म्हणाले, "बाई, टाकी आडवी आहे. मधे पोट सुटलंय तिला."

तेव्हा बाई ते वाक्य बोलल्या. अकरा जण हसले. काकांनी शर्ट खाली ओढला. दुसऱ्या दिवसापासून त्यांना कामावर येऊ नका म्हणून सांगितलं. त्याला आठ महिने झाले. सोमवारची तूट तरीही दिसत राहिली; आता बाईंचा संशय नव्या माणसावर होता.

लेकीने दहावा बिंदू जोडला. हाताने काढलेली रेघ थोडी थरथरत होती, पण बरोबर होती.

सकाळी सहाला बाईंनी कचेरी उघडली आणि खिडकीची काठी काढली. खिडकी धाडकन मिटली. काठी घेऊन त्या काकांच्या दाराशी गेल्या. वाटेत एक वाक्य जुळवलं होतं, चांगलं लांबलचक. काकांनी दार उघडलं. त्यांनी आधी काठीकडे पाहिलं, तिचं खालचं टोक अंगठ्याने पुसलं.

"खिडकीला आता काय लावलंत?"

लांबलचक वाक्य तिथेच गेलं.

"काका, काठी बरोबर होती. चूक माझी होती."

"मला कशाला सांगता? मला माहीतच होतं." काकांनी काठी त्यांच्या हातात परत दिली. "ड्रायव्हरांना सांगा. सातच्या पाळीला असतात सगळे."

"तुम्ही येता?"

"मी कशाला? मी काही हसलो नव्हतो."

सात वाजता पंपापाशी अकरा जण उभे होते. कोणाच्या हातात चहा होता, कोणी काच पुसत होता. बाई काठी उभी धरून त्यांच्यासमोर थांबल्या, फळ्यापाशी बोलावलेल्या आणि उत्तर न येणाऱ्या मुलीसारख्या. काच पुसणारा थांबला.

"टाकी," त्या म्हणाल्या, "आडवी आहे."

कोणी हसलं नाही. बाईंना पुढचं सगळं सांगावं लागलं.

टाकी पुरली त्या वर्षी, पहिलं डिझेल यायच्या आधी, टाकीकाकांनी तिच्यात एकेक करून पन्नास पिंपं पाणी ओतलं आणि दर पिंपानंतर काठीवर एक खूण कोरली. तीन दिवस लागले.