खांद्यावरचा पट्टा

मळणी यंत्रात काड अडकलं की सून आधी ट्रॅक्टरची किल्ली काढून कमरेला खोचायची, यंत्र फिरवणारा पट्टा उतरवून खांद्यावर टाकायची, मगच आत हात घालायची. सासरे करवादायचे, “दोन मिनिटांच्या कामाला हिचं अर्ध्या तासाचं सोवळं.” त्या दुपारी आभाळ दाटून आलं. सासरे विहिरीवर पाणी पिऊन परतले, तर ट्रॅक्टर बंद, किल्ली गायब. “गेली वाटतं घरी,” म्हणत त्यांनी खिशातली दुसरी किल्ली फिरवली. ट्रॅक्टर धडधडला, यंत्राचं चाक मात्र हललं नाही. मग यंत्रापलीकडून, आत घातलेले दोन्ही हात बाहेर काढत सून उभी राहिली. पट्टा तिच्या खांद्यावर होता, मैदान मारलेल्या पैलवानाच्या हारासारखा. सासऱ्यांनी किल्ली उपटली आणि विहिरीत भिरकावली. “पट्टा चढवू, बाबा?” तिने विचारलं. “चढव सावकाश. लागू दे चांगला अर्धा तास.”