चाळीस ग्रॅम

“गाडीला काही झालेलं नाही, धाकूभाऊ. आईचे हात थरथरतात.”

मरोळच्या गॅरेजमध्ये निहार हे सांगत होता, तेव्हा त्याची आई अजून स्टिअरिंगवरच बसलेली होती. मृणालिनीबाईंचं वय अडुसष्ट. त्यांनी इंजिन बंद केलं आणि काच पूर्ण खाली घेतली.

“हात थरथरतात हे खरं. पण गाडीचा स्पीड सत्तरला गेल्यावरच का थरथरतील रे? साठला काय ते झोपलेले असतात?”

धाकू मेकॅनिक हसला. निहार हसला नाही. गेल्या महिन्यात आईच्या हातात बशी खडखडताना त्याने पाहिली होती आणि तेव्हाच त्याने ठरवून टाकलं होतं. गाडीसाठी गिऱ्हाईकही त्यानेच शोधलं होतं. आज चार वाजता ते दहिसरला घरी येणार होतं.

“दोष हातात निघाला तर किल्ली तुझी,” मृणालिनीबाई खाली उतरत म्हणाल्या. “चाकात निघाला तर त्या माणसाला नाही म्हणून कळवायचं. आणि परत हा विषय नाही.”

“आई, डील झालंय ऑलमोस्ट.”

“ऑलमोस्टच ना?”

त्यांनी पर्समधून घडी घातलेला कागद काढून धाकूला दिला. चार दिवसांच्या नोंदी होत्या. साठपर्यंत शांत. सत्तरला सुरू. ब्रेक दाबला तरी वाढत नाही. गाडी कुठल्याच बाजूला ओढत नाही. सीट हलत नाही, फक्त स्टिअरिंग.

“बाई, लोक येतात आणि म्हणतात, कायतरी धडधडतंय,” धाकू म्हणाला. “एवढं लिहून कोण आणतं!”

“निहार, यावरून काय कळतं, सांग बघू.”

“मला काय विचारतेस? मी मेट्रोने जाणारा माणूस.”

“म्हणून तर सांगते. ब्रेक दाबल्यावर वाढलं असतं, तर बहुतेक ब्रेकची डिस्क. एका बाजूला ओढली असती, तर अलाइनमेंट. सीट हलली असती, तर मागची चाकं. मग उरलं काय?”

“तुझे हात.”

“पुढची चाकं,” धाकू म्हणाला आणि त्याने जॅक सरकवला.

पहिलं चाक निघालं. धाकूने ते जमिनीवर आडवं ठेवून आतल्या बाजूने बोट फिरवलं. एका जागी बोट थांबलं.

“हय तर वजन होता मरे!” तो उकिडवा बसला. “बाई, इथल्या पट्ट्या मीच लावलेल्या, मार्चमध्ये. चाक एका बाजूला जड असतं, म्हणून समोरच्या बाजूला वजन चिकटवतो. कोणीतरी खरवडून काढलंय. हे बघा, ओरखडे. दुसरीकडे कुठे नेली होती काय गाडी?”

“नाही.”

“कधीपासून थरथरते?”

“दसऱ्यापासून.”

निहारने ओरखडे पाहिले. दसऱ्याला गाडी त्यानेच धुतली होती. पूजेच्या आधी जुना टूथब्रश घेऊन तो एकेका चाकापाशी बसला होता. पुढच्या दोन चाकांच्या आतल्या बाजूला करड्या चौकोनी तुकड्यांची चिकट पट्टी दिसली, ती त्याने स्क्रू ड्रायव्हर घालून काढली होती. मग झेंडूचा हार घालून फोटो टाकला होता. सोसायटीच्या ग्रुपवर सगळ्यांनी झकास म्हटलं होतं.

“मला वाटलं, घाण आहे,” तो म्हणाला.

धाकूने चाक उचलून बॅलन्सिंगच्या मशीनकडे नेलं.

चाक मशीनवर चढलं, गरगरलं, थांबलं. पडद्यावर आकडा आला. चाळीस ग्रॅम.

“एवढंसं?” निहार म्हणाला.

“सत्तरच्या स्पीडला ते एवढंसं राहत नाही,” धाकू म्हणाला. त्याने नव्या पट्टीचे तुकडे मोजून मृणालिनीबाईंच्या तळहातावर ठेवले. “धरा बाई. तोवर जागा पुसून घेतो.”

तुकडे तळहातावर बारीक आवाज करत एकमेकांवर आपटू लागले. निहारची नजर तिथे गेली. मृणालिनीबाईंनी मूठ मिटली नाही. उलट हात त्याच्या समोर धरला.

“बघ. नीट बघ. हा असाच आहे. डॉक्टरांनी तपासलाय आणि लायसन्सच्या फॉर्मवर सही केलीय. ज्या दिवशी ते नाही म्हणतील, त्या दिवशी किल्ली मी स्वतः टेबलावर ठेवीन. पण तू केलेलं माझ्या हातांवर नाही ढकलायचं.”

धाकूने एकेक तुकडा उचलून चाकाला लावला आणि अंगठ्याने दाबला. दुसऱ्या चाकाचंही तेच निघालं. दोन्ही चाकं बसवून झाली, तेव्हा निहार ड्रायव्हरच्या दाराशी जाऊन उभा राहिला.

“मी बघतो चालवून.”

“तिकडे बस.”

रविवार सकाळचा हायवे मोकळा होता. जोगेश्वरी मागे पडली. काटा पन्नासवर आला, साठवर आला. सत्तरला मृणालिनीबाई म्हणाल्या, “बोट ठेव.”

निहारने स्टिअरिंगच्या कडेला दोन बोटं टेकवली. काही नाही. त्याने पूर्ण पंजा ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला. आईचे दोन्ही हात शेजारीच होते, घट्ट आणि स्थिर.

मग त्याच्या खिशातला फोन हलू लागला. त्याने काढून नाव पाहिलं. गाडी बघायला येणारं गिऱ्हाईक.

“उचल,” मृणालिनीबाई रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या. “गाडीत आता तेवढंच थरथरतंय.”