साठवरचा लाल ठिपका

"लेन्समध्ये बुरशीचा मागमूस नाही, ताई. टॉर्च मारून बघा," दुकानदार मान खाली घालूनच म्हणाला.

हेमांगीने कॅमेरा हातात घेतला आणि तिच्या मस्तकात तिडीक गेली. शटरच्या चकतीवर, साठच्या आकड्याशी लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. स्टुडिओच्या अंधुक उजेडात आकडा सापडावा म्हणून बाबांनी आईच्या बाटलीतून लावलेला.

बाबा गेल्यावर हाच कॅमेरा तिने इथे दुरुस्तीला आणला होता. "शटर गेलंय. पार्ट मिळत नाहीत, भंगार झालाय," असं याच माणसाने सांगितलं, तेव्हा तो इथेच सोडून ती रडत परत गेली होती. आज जुना का होईना, तसाच दुसरा घ्यायला आली होती.

"कुणाचा हा?" तिने ओठ आवळून विचारलं.

"एका फोटोग्राफरचा. गेले बिचारे. पोरीला कदर नव्हती, फुकटात टाकून गेली. मी वाचवला."

तिने चकती एक सेकंदावर आणून बटण दाबलं. शटर बरोबर सेकंदभर उघडं राहून खट्कन मिटलं. ठणठणीत!

तिने कॅमेरा डोळ्याला लावला.

"मान वर करा," ती कडाडली. "त्या पोरीला तुमचं तोंड बघायचंय."