उगारलेला हात

बागेच्या वळणावरून एक काळा कुत्रा थेट वृंदाच्या अंगावर धावून आला. ती जागीच थिजली. व्हिएन्नातल्या सुट्टीत रोज सकाळी ती इथे पळायची, पण मोकळा कुत्रा आजच आडवा आला. सांगलीत पोटरीत रुतलेले दात आठवून तिला दरदरून घाम फुटला.

“हाड, हाड,” ती ओरडली. मग सांगलीच्या गल्लीत सगळेच करतात तसं तिनं वाकून दगड उचलला आणि हात उगारला.

कुत्रा थबकला, पण पळाला नाही. समोर बसून, शेपटी हलवत तो तिच्या हाताकडे बघत राहिला. ही कधी फेकतेय आणि आपण कधी आणून देतोय.

दगड कशासाठी उचलतात, हे त्याला कुणी शिकवलंच नव्हतं.