ओटा कुणाच्या उंचीचा

“हा ओटा आहे की घोड्याची पाठ? एवढ्या उंचावर कणीक कोण मळणार?”

बातमा आपांनी असं म्हटल्यावर सामातने संगणकावरच्या चित्रातला ओटा पुन्हा चार बोटं खाली घेतला. खाली घेतला की सून तोंड वाकडं करायची, वर घेतला की सासू. सकाळपासून हेच चाललं होतं. त्याचा समोसा कागदातच गार पडला होता.

बिश्केकच्या फर्निचर बाजारात मॉड्युलर किचन विकताना सामातने सासू-सुनांच्या जोड्या ढिगाने पाहिल्या होत्या. त्या सोप्या असायच्या. सासू ठरवायची, सून मान डोलवायची, आणि जेवायच्या आत कपाटांचा रंगसुद्धा ठरून जायचा. ही नुरझात मान डोलावणाऱ्यांतली नव्हती. नवं घेतलेलं घर, त्यातलं जुनं स्वयंपाकघर तोडून काढलेलं, गवंडी खोळंबलेले, आणि या दोघींचं एका खिळ्यावरही एकमत होत नव्हतं.

“आपा, उभं मला राहायचंय,” नुरझात सासूला म्हणाली. “दिवसभर शिवणयंत्रावर वाकून माझी पाठ मोडते. घरी येऊन पुन्हा वाकू?”

“मग मी काय करू? स्टूल घेऊन चढू?”

“तुम्ही बसा. आराम करा.”

“ऐकलंस रे पोरा?” आपा सामातकडे वळल्या. “जिवंतपणीच कोपऱ्यात बसवतेय मला.”

सामात हसल्यासारखं करून शेगडीकडे वळला. चूक झाली. आपांना मोठी कढई मावेल अशी शेगडी हवी होती, लग्नकार्याला लागते तेवढी.

“आता आपल्याकडे एवढी माणसं येतात कुठे?” नुरझात म्हणाली.

“येतील. खायला असलं की सगळे येतात.”

रंगाचं तेच. सुनेला पांढरा हवा, सासूला पांढऱ्यात दवाखाना दिसत होता.

“पांढऱ्यावर चहाचा एक थेंब पडला की तू आठवडाभर बोलायची नाहीस माझ्याशी.”

“ते रंगावर अवलंबून नाही, आपा.”

सामातने कपाळावरून हात फिरवला. अशा वेळी त्याच्याकडे एक हुकमी तोडगा असायचा. “यजमानांना एकदा आणता का? त्यांनाही पाहू दे.”

“त्याला काय कळतंय?” आपा फिस्कारल्या. “चहाची किटली कुठे असते हे लग्नानंतरही त्याला ठाऊक नव्हतं.”

नुरझातला एकदम हसू फुटलं. आपाही हसल्या. निदान त्या एका बाबतीत तरी एकमत आहे म्हणायचं, सामातच्या मनात आलं. पण ते हसू विरायच्या आत खणांवरून जुंपली. खोल हवेत की उथळ, भांडी वर की मसाले वर. आपांनी जाता जाता त्याच्या मांडणीलाही नावं ठेवली आणि नळ बघायला दुकानाच्या त्या टोकाला निघून गेल्या.

सामातने आवाज खाली केला. “ताई, लहान तोंडी मोठा घास घेतो. पैसे तुमचेच ना?”

“माझेच. कर्जही माझंच.”

“मग ठाम राहा. आज ओटा हातचा गेला तर उद्या घर गेलं म्हणून समजा. मी स्वतः भोगलंय. आई आणि बायको एका चुलीवर होत्या तोवर माझा पार चिवडा झाला होता. वेगळं बिऱ्हाड केलं, आता दोघी गळ्यात गळे घालतात. यजमानांना सांगा, आईची सोय दुसऱ्या मुलाकडे करा.”

“त्यांना एकच मुलगा आहे.”

“मग अवघड आहे.”

“अवघडच आहे,” नुरझात म्हणाली. “पहाटे उठून भांडी वाजवतात. माझे डबे मला न विचारता हलवतात. मीठ कुठे आहे हे माझ्याच घरात मला विचारावं लागतं. लग्न होऊन आले तेव्हापासून मी त्यांच्या ओट्यावर राबलेय, भाऊ. आता पहिल्यांदा स्वतःचं घर झालंय. वाटलं होतं, निदान एक ओटा तरी माझ्या मनासारखा होईल.”

तिचे डोळे भरून आले. सामातला मनापासून वाईट वाटलं, आणि रागही आला. आपल्या बायकोला इतकी वर्षं असं पिचू देणारा तो नवरा त्याला आत्ता समोर हवा होता.

आपा नळ पसंत करून आल्या. अर्थातच सर्वांत बुटका.

“आपा,” सामात म्हणाला, “ओटा ताईंच्या उंचीचा होईल. घर त्यांचं आहे. तुम्ही आता त्यात पडू नका.”

आपांचा चेहरा उतरला. पण पुढे झाली ती नुरझात.

“आपांशी असं बोलायचं नाही.”

“अहो, तुमच्याच बाजूने—”

“माझ्या बाजूने बोलायचं, त्यांच्यावर ओरडायचं नाही. ओटा खालीच घ्या.”

“खाली कशाला?” आपा लगेच उसळल्या. “तुझी पाठ काय उधारीची आहे? वर घे रे, पोरा.”

“खाली.”

“वर!”

सामातची सहनशक्ती संपली. त्याने हातातली मोजपट्टी टेबलावर आपटली.

“बास! तुम्हा दोघींच्यात हे जन्मात मिटणार नाही. लावा तुमच्या मुलाला फोन. घरातला कर्ता पुरुष सांगेल तो ओटा!”

नुरझातने पिशवीचा बंद सारखा केला.

“आमचा घटस्फोट झालाय, भाऊ. तो त्याच्या जुन्या घरी असतो, दुसरीबरोबर.”

सामात आधी तिच्याकडे बघत राहिला, मग म्हातारीकडे.

“मग... आपा इथे कशा?”

आपा एक खण ओढून आत कोपरापर्यंत हात घालून खोली बघत होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

“मी पण सोडला त्याला.”